शापोराकाठचे अपुरे प्रबंध

हळर्णचा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि त्या विजयाबद्दल गोव्याचा व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मैदा याला ‘मार्केज द आलोर्ना’ हा किताब मिळाला. शापोरा नदीकाठच्या एका लहान गावाचे नाव असे पोर्तुगालच्या सरदार घराण्यात जाऊन बसले. पुढे चार दशकांनी, १७८८ मध्ये, अख्खा पेडणे महालच पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत गेला. इतिहासाच्या पुस्तकांत हळर्ण भेटते ते एवढ्यापुरते. किल्ला कोणी बांधला, कोणी जिंकला, किताब कोणाला मिळाला. पावसाळा सरल्यावर त्या तटाची पडझड कोण भरून काढत होते, नदीकाठच्या शेतांचे बांध कोण राखत होते, बांध फुटला की पहिली हाक कोणाला जात होती, याची नोंद कुठल्या बखरीत सापडत नाही. जिंकण्याला इतिहास असतो, राखण्याला क्वचित मिळतो.

हा विषय आज काढण्याचे निमित्त आहे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षाचे प्रकल्प. फर्मागुढीचे सरकारी महाविद्यालय १९६७ पासूनचे. त्यानंतर गोव्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात अशी महाविद्यालये बरीच झाली. दरवर्षी तिथली संगणकाची मुले चार-चारच्या गटाने एक प्रकल्प करतात. हजेरीची प्रणाली, ग्रंथालयाची प्रणाली, हॉटेलचे बुकिंग, अलीकडे एखादा चॅटबॉट. व्हायवा होतो, गुण मिळतात, काळ्या बांधणीची प्रत विभागाच्या कपाटात जाते आणि पुढच्या जूनमध्ये नवा गट तोच विषय कोऱ्या पानावरून सुरू करतो. हुशार मुलांचे एक अख्खे वर्ष असे दरसाल वाया जाते, आणि त्याच वेळी त्यांच्याच तालुक्यातले कालवे, नळयोजना, बांध, पंचायतीचे आणि शाळांचे संगणक कोणीतरी नीट राखावेत म्हणून वाट पाहत असतात. या मुलांनी प्रबंधासाठी पायाभूत सुविधांची देखभाल करणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हा विषय घ्यावा, आणि घेताना नवे काही उभारण्यापेक्षा असलेल्यात भर घालावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या विचाराची मुळे आपल्याच मातीत आहेत. शापोऱ्याच्या मुखाकडे, आगरवाडा-चोपड्याच्या बाजूला, किंवा पलीकडे कोरगावला गेले की खाजन शेती दिसते. भरतीचे खारे पाणी अडवणारा बांध आणि त्यात बसवलेली मानस. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबानेच मानशीच्या लाकडी झडपा मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. ही यंत्रणा माणसाच्या हाताशिवाय चालते, पण माणसाच्या लक्षाशिवाय टिकत नाही. झडप कुजते, खेकडे बांध पोखरतात, आणि एका रात्रीत खारे पाणी आत शिरले तर ते शेत पुढची काही वर्षे भाताला मुकते. म्हणून गावकारीने, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेने, या लक्षाची व्यवस्था लावली होती. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, तिचे उत्पन्न हिशेबात धरले जायचे, कुळकर्णी वही लिहायचा, बांधाची राखण आणि डागडुजी नेमून दिलेली असायची. आफोंसु मेशिया याने १५२६ च्या सनदेत गावकारांचे हक्क आणि रीती लिहून काढल्या, तेव्हा तो नवे काही निर्माण करत नव्हता. आधीपासून चालत आलेले कागदावर उतरवत होता. पेडणे तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हते, पण गावाच्या कामाची ही रीत इकडेही होती.

या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. गावकारीची वही गावकारांपुरतीच उघडी होती, तीही पुरुषांपुरती. चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्या बहुतेकांना त्या वहीत मत नव्हते. १९६४ चा कूळ कायदा हा या अन्यायावरचा उतारा होता आणि तो योग्यच होता. पण कसणाऱ्याला हक्क देताना राखण्याची जबाबदारीही सरकली. १९७५ च्या नियमांनी बांधांचे सामाईक काम कुळांच्या संघांवर टाकले. कोमुनिदादींची, म्हणजे गावकारींची, शेवटची संहिता एप्रिल १९६१ मध्ये लागू झाली होती. त्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला. जुनी व्यवस्था नियमांच्या पुस्तकात उरली, नवी नीट रुजली नाही, आणि मधल्या फटीत कित्येक बांध गेले. आज एखाद्या फुटलेल्या बांधाबद्दल विचारले तर कुळांचा संघ, कोमुनिदाद, मृदसंधारण विभाग आणि पंचायत या चौघांकडे बोट जाते. प्रत्येकाचे कागद वेगळे, आणि ते कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

नदीच्या वरच्या अंगाला गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. दोडामार्ग तालुक्यातून उतरणारी तिळारी गोव्यात शापोरा होते. धरण महाराष्ट्रात, खर्चाचा आणि पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा, आणि कालवे पेडणे, डिचोली, बार्देशपर्यंत गेलेले. पिण्याचे पाणीही या खोऱ्यावर अवलंबून. कालव्याला भगदाड पडले की दोन राज्यांतल्या खात्यांची पत्रापत्री सुरू होते आणि तोवर गावांचे नळ कोरडे पडतात. उलट बाजूने, ऑगस्ट २०१९ मध्ये धरणातून पाणी सोडावे लागले तेव्हा शापोराकाठच्या पेडणे-डिचोलीतल्या गावांत पूर शिरला. त्या पुरात लोकांना सर्वांत जास्त काय हवे होते, तर वेळ. वर किती पाणी सोडले, ते खाली किती वेळात पोचेल, आपल्या अंगणात यायला किती अवकाश आहे. ही माहिती कुठेतरी असतेच. ती हळर्ण किंवा इब्रामपूरच्या माणसापर्यंत वेळेत पोचवणारी साखळी नसते.

‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोव्याचा गौरव झाला. नळ घरोघर गेले, ही लहान गोष्ट नव्हे. आता प्रश्न पुढच्या तीस वर्षांचा आहे. जमिनीखाली कुठली नळी कुठल्या साली घातली, कुठला व्हॉल्व्ह कोणाच्या ताब्यात आहे, कुठल्या वळणावर दर पावसाळ्यात गळती होते, हे ज्ञान आज बहुतांशी दोन-चार अनुभवी लाइनमनच्या डोक्यात आहे. लाइनमन निवृत्त झाले की हे ज्ञानही जाईल.

याच जागी विद्यार्थ्याचा प्रबंध किती उपयोगी पडू शकतो, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी टँकरवर जगणाऱ्या गावांच्या नळयोजना प्रबंधाचा विषय म्हणून अभ्यासल्या. त्याच संस्थेच्या संगणक विभागात निखिल हुडा या विद्यार्थ्याने प्रा. ओम दमाणी यांच्या मार्गदर्शनाखाली ‘जलतंत्र’ ही प्रणाली घडवली. प्रश्न साधा दिसतो. टाकीपासून निघालेली मुख्य नळी झाडासारखी फाटे फुटत शेवटच्या वाडीपर्यंत जाते, तिच्या प्रत्येक तुकड्याचा व्यास किती ठेवायचा? जाड ठेवला तर पैसा संपतो, बारीक ठेवला तर शेवटच्या वाडीला दाबच पोचत नाही. बाजारात ठरावीक व्यासांच्याच नळ्या मिळतात. शंभर तुकडे आणि दहा व्यास धरले तर पर्यायांची संख्या एकावर शंभर शून्ये इतकी होते. हातातले गणकयंत्र आणि अनुभव यांच्या जोरावर अभियंता त्यातला एखादा बरा पर्याय निवडत असे. जलतंत्राने गणिती रीतीने सर्वांत स्वस्त आराखडा काढायची सोय केली, ती वेब ब्राउझरमध्ये सर्वांना मोफत दिली, आणि नंतर टाक्या, पंप आणि व्हॉल्व्ह यांनाही त्या हिशेबात घेतले. त्यावरचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की एका विद्यार्थ्याच्या कामावर पुढचे विद्यार्थी काम करत राहिले.

असाच धडा अमेरिकेतूनही मिळतो. नळजाळ्यातला प्रवाह आणि दाब मोजणारे ‘एपानेट’ हे सॉफ्टवेअर तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये खुले केले आणि जगभरच्या अभियंत्यांनी ते उचलले. मधली बरीच वर्षे त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. तेव्हा जगभरच्या वापरणाऱ्यांनी आणि संशोधकांनी एकत्र येऊन त्याची देखभाल हाती घेतली आणि २०२० मध्ये २.२ ही आवृत्ती त्यांच्या हातभाराने बाहेर पडली. सरकारी खात्याचा उत्साह ओसरला तरी काम थांबले नाही, याचे कारण मूळ आज्ञावली कोणालाही उघडून पाहता येत होती, एवढेच.

संगणकांच्या जगातली पायाभूत सुविधा तर बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरच उभी आहे. लिनस तोरवाल्ड्सने १९९१ मध्ये विद्यार्थी असताना लिनक्स सुरू केले आणि हेलसिंकी विद्यापीठातला त्याचा पदव्युत्तर प्रबंध १९९७ मध्ये त्याच विषयावर झाला. सेज वाईलचा कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथला २००७ चा प्रबंध म्हणजे ‘सेफ’. हजारो डिस्कवर माहिती अशी वाटून ठेवायची की काही डिस्क बंद पडल्या तरी काही हरवू नये. आज युरोपातली सर्न ही प्रयोगशाळा ते वापरते. स्टॅनफर्डच्या दिएगो ओंगारोने २०१४ मध्ये ‘राफ्ट’ मांडले. अनेक सर्व्हरनी एकाच निर्णयावर कसे यायचे, हा त्याचा विषय. या प्रश्नाला आधीचे उत्तर होते, पण ते समजायला महाकठीण. ओंगारोने समजायला सोपे असणे हेच संशोधनाचे उद्दिष्ट ठरवले आणि ते मोजूनही दाखवले. ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही पद्धती शिकवल्या, त्यांतल्या ३३ जणांना राफ्टवरचे प्रश्न अधिक चांगले सोडवता आले. क्लाउडमधल्या असंख्य यंत्रणांचा कारभार आज त्या पद्धतीवर चालतो. ‘यात नवे काय?’ असे विचारून देखभालीचा विषय नाकारणाऱ्या गाईडांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

मुक्तस्रोत म्हटले की सगळे आपोआप तरते, असाही भाबडेपणा नको. इंटरनेटवरचे असंख्य सुरक्षित व्यवहार ज्या ओपनएसएसएलच्या भरवशावर चालत होते, त्याची देखभाल मोजकी माणसे तुटपुंज्या पैशांत करत होती, हे २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ची चूक उघडी पडल्यावर जगाला कळले. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या एका छोट्या प्रणालीत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. तिची देखभाल जवळजवळ एकट्या थकलेल्या माणसावर होती. वही उघडी असणे पुरत नाही, ती रोज लिहिणारा लागतो. कोकणातल्या बांधांनी हे आपल्याला फार आधी शिकवले होते.

मग पेडण्या-डिचोलीच्या मुलांनी नेमके काय घ्यावे?

शापोऱ्याच्या पुराचाच विषय घेऊ. पाण्याची पातळी मोजणारा स्वस्त संवेदक आणि मोबाइलवर इशारा, असा प्रकल्प गेल्या दहा वर्षांत देशभर असंख्य वेळा झाला असेल. तो पुन्हा करू नये. सर्व्हर चालू आहे की बंद, यावर पहारा ठेवणाऱ्या झॅबिक्स किंवा प्रोमिथियससारख्या मुक्त प्रणाली तयार आहेत. त्यांना नदीची पातळीही यंत्रासारखीच पाहता येते. खरा प्रश्न पुढे आहे. जुलैच्या मध्यरात्री संवेदक गप्प झाला, तर वीज गेली म्हणून, टॉवर पडला म्हणून, की पाण्याने खांबच नेला म्हणून? आपल्याकडे मोठ्या पावसात पहिली वीज जाते आणि तिच्यामागून नेटवर्क. म्हणजे ज्या क्षणी माहिती हवी, नेमक्या त्याच क्षणी ती येत नाही. शहरातल्या डेटा सेंटरसाठी लिहिलेल्या प्रणालीत गप्प राहणे म्हणजे बिघाड, आणि त्यावर उपाय म्हणजे तंत्रज्ञ पाठवणे. इथे गप्प राहण्याचाच अर्थ लावावा लागेल. शेजारचे दोन संवेदक काय सांगतात, शेवटच्या अर्ध्या तासात पातळी कशी चढत होती, बॅटरी किती होती, यांवरून. हा पदव्युत्तर प्रबंधाच्या तोलाचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर त्या प्रणालीच्या मूळ आज्ञावलीत गेले तर ब्रह्मपुत्रेच्या काठावरही उपयोगी पडेल.

दुसरा विषय बांध आणि मानशींच्या नोंदवहीचा. क्यूजीआयएस आणि ओपनस्ट्रीटमॅप ही नकाशांची दोन्ही साधने मोफत आणि मुरलेली आहेत. ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात २००४ मध्ये लंडनमध्ये झाली ती ब्रिटनमधले सरकारी नकाशे लोकांना मोकळेपणी वापरता येत नव्हते म्हणून. मानशींचे नकाशे काढणे हे काम दोन सुट्ट्यांत होईल. प्रबंधाचा विषय आहे मालकीचा. नेटबॉक्ससारख्या मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणाली असे गृहीत धरतात की प्रत्येक वस्तूला एक धनी असतो आणि ती बिघडली की तक्रार त्याच्याकडे जाते. आपल्या बांधाला चार धनी. एकाकडे जमीन, दुसऱ्याकडे दुरुस्तीचे कर्तव्य, तिसऱ्याकडे निधी, आणि मासळीची पावणी घेतलेला चौथाच. त्या चौघांपैकी कोणी कधी काय केले, काय करायचे राहिले, आणि किती दिवस राहिले, हे एका नोंदीत कसे बसवायचे? सामाईक जबाबदारीचा असा आराखडा मी तरी कुठल्या तयार प्रणालीत पाहिलेला नाही. तो करायला गोव्याइतकी योग्य जागा नाही, कारण इथे त्याला पाच शतकांचे लिखित कायदे आणि रीती उपलब्ध आहेत. हा प्रबंध करणाऱ्या मुलीला संगणकाबरोबर कोमुनिदादीची संहिताही वाचावी लागेल, आणि बांधावर जाऊन म्हाताऱ्या कुळांशी बोलावे लागेल. ते तिच्या शिक्षणाचे सर्वांत मोलाचे महिने ठरतील. आणि या वहीत बांध घालणाऱ्या बाईचेही नाव येईल.

नळयोजनेचे काम याहून सरळ आहे. चांदेलच्या शुद्धीकरण प्रकल्पातून निघणाऱ्या जाळ्याचा एपानेटमधला नमुना उभा करायचा, प्रत्यक्षातल्या दाबाशी ताडून पाहायचा, आणि लाइनमनच्या आठवणी त्यात नोंदवायच्या. शाळा आणि पंचायतींच्या संगणकांचे काम तर डिप्लोमाची मुलेही करतील. इंटरनेट दिवसभर नसले तरी अद्ययावत राहणारी व्यवस्था, आणि बिघाड झाल्यावर काय करायचे याची मराठी-कोकणीतली पाने. हे शेवटचे काम कमी प्रतीचे मानले जाते, ते चूक आहे. इंग्रजी सूचना न समजल्यामुळे बंद पडून राहिलेले यंत्र आणि चोरीला गेलेले यंत्र यांत गावाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

आक्षेप येतील. खाती म्हणतील, धरणाच्या दारांची माहिती उघड्यावर कशी टाकायची? टाकूच नये. आज्ञावली मुक्त असते, तिच्यात भरलेली माहिती ज्याची त्याच्या कुलुपात राहते. केंद्र सरकारने तर २०१५ मध्येच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. हा भेद राज्याच्या खात्यांनी समजून घ्यायला हरकत नसावी. महाविद्यालये म्हणतील, परदेशातल्या प्रकल्पाने आमच्या मुलाची भर स्वीकारायला सहा महिने लावले तर निकाल कधी लावायचा? म्हणून स्वीकृतीवर गुण ठेवू नयेत. अनोळखी, जाणत्या माणसाने काढलेल्या चुकांना विद्यार्थ्याने काय उत्तर दिले, चाचण्या किती लिहिल्या, कागदपत्रे कशी ठेवली, यावर ठेवावेत. असा पत्रव्यवहार कोणालाही वाचता येतो, त्यामुळे बाजारातून विकत आणलेला प्रकल्प व्हायवाला चालवून घेणेही जमणार नाही.

गोवा विद्यापीठाने यासाठी मोठी समिती नेमायची गरज नाही. प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत दोन रकाने वाढवावेत. पहिला, मागच्या तुकडीचे कोणते काम पुढे नेले. दुसरा, पुढच्या तुकडीला काय सोपवले, आणि ते त्यांच्यापैकी एकाने आपल्या संगणकावर, मूळ गटाची मदत न घेता, चालवून दाखवले का. जलस्रोत खात्याने आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने दर जूनमध्ये आपल्या अडचणींची एक यादी महाविद्यालयांना द्यावी, आणि प्रत्येक अडचणीपुढे ती जाणणाऱ्या एका कनिष्ठ अभियंत्याचा हुद्दा लिहावा, म्हणजे मुलांना कोणाच्या टेबलापाशी जायचे ते कळेल. सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांनाही हीच यादी जावी. नदी दोन्ही राज्यांची आहे, तर दोडामार्गचा संवेदक तिकडच्या मुलांनी सांभाळावा आणि हळर्णचा इकडच्या मुलांनी, एकाच वहीत नोंदी करत.